माहेरची खोली

दशरथ पेडणेकराला अंधेरीत खोली मिळाली तेव्हा खोलीबरोबर त्याच्या बायकोला एक भाऊही मिळाला. भाऊ त्यांनी मागितला नव्हता. पण भावाशिवाय खोली मिळत नव्हती.

ही गोष्ट चोपन्न सालची. अंधेरी नुकतीच मुंबईत सामील झाली होती, त्यामुळे भाडी मुंबईची आणि डास अंधेरीचे अशी तिथली अवस्था होती. दशरथ साकीनाक्याच्या अलीकडे पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात कामाला होता. बायको सुगंधा आणि दोन मुली यांच्यासह तो जोगेश्वरीला, लेण्यांच्या मागच्या अंगाला, झावळ्यांच्या झोपडीत राहत होता. झोपडीला दार नव्हतं, त्यामुळे ते ठोठावून आत येण्याची पद्धतही नव्हती. साप तर मुळीच ठोठावत नसत. धाकटीच्या पांघरुणात एक निघाला, त्या दिवशी सुगंधाने नवऱ्याला सांगितलं, "चार भिंती आणि एक कडी. माका दुसरा काय नको."

दशरथ दर रविवारी चार भिंती आणि एक कडी शोधायला निघे. भाडी कायद्याने गोठवलेली होती आणि घरमालक कायदा पाळणारे होते. भाडं ते कायद्याप्रमाणेच घेत. त्याआधी फक्त पगडी घेत. पगडीला कायद्याने बंदी होती, म्हणून तिची पावती देत नसत. इतपत कायदा सगळीकडे पाळला जाई. पार्ल्याच्या एका मालकाने "पगडी काय देणार?" असं विचारल्यावर दशरथ डोक्याला हात लावून म्हणाला, "साहेब, आमची टोपी आहे." मालक पोट धरधरून हसला, त्याने चहा पाजला आणि खोली दुसऱ्याला दिली.

अशा वेळी श्यामकांत रेगे भेटले. म्हणजे ते रोजच भेटत. कारखान्याच्या ऑफिसात ते हजेरी-कारकून होते आणि दरवाजाशी बसून कोण किती उशिरा आला ते लिहीत. इंटरपर्यंत शिकलेले, स्वच्छ कपड्यांतले, हळू बोलणारे गृहस्थ. अंधेरीला चंद्रप्रकाश शेठच्या चाळीत पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत कोळशाचं पोतं आणि एक मोडका पाळणा एवढीच मंडळी राहत होती. दशरथाची हकिगत ऐकून रेगे हळहळले आणि म्हणाले, "रविवारी बायकोला घेऊन या."

रविवारी सुगंधाने खोली पाहिली. चार भिंती होत्या. कडी होती. तिने ती दोनदा लावून पाहिली.

"एकच अट आहे," रेगे म्हणाले. "शेठना पोटभाडेकरू अजिबात खपत नाही. कळलं तर माझंही बिऱ्हाड रस्त्यावर. तेव्हा तुम्ही भाडेकरू नाही. तुम्ही आमचे नातेवाईक."

"कोण नातेवाईक, साहेब?" दशरथाने विचारलं.

रेग्यांनी दशरथाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो काही त्यांच्यात खपला नसता. मग त्यांनी सुगंधाकडे पाहिलं.

"या माझ्या मावसबहीण."

"अहो, पण आडनाव?" रेग्यांची बायको उत्तरा आतून म्हणाली.

"लग्नानंतर बदललं."

"आणि यांचं बोलणं?"

"ते मी बदलतो," रेगे म्हणाले.

आणि खरोखरच बदललं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ते सुगंधाला समोर बसवत. 'माका' नाही, 'मला'. 'खंय' नाही, 'कुठे'. 'भाडा' नाही... इथे ते थांबत. तो शब्द तिने कोणत्याच बोलीत उच्चारायचा नव्हता. सुगंधा सातवी शिकलेली, तल्लख बाई. तीन महिन्यांत ती अशी बोलू लागली की गावाहून आलेल्या दिराने तिला 'अहो' म्हटलं.

भाडं देण्याचीही रेग्यांनी रीत घालून दिली. हातात द्यायचं नाही. गॅलरीतून कोण बघेल सांगता येत नाही. पहिल्या तारखेला सुगंधाने वाटीत काहीतरी गोडाचं करायचं, खाली नोटा पुरचुंडीत बांधून ठेवायच्या, वरून रुमाल झाकायचा आणि वाटी वहिनींना नेऊन द्यायची. परत येताना वाटीत चार साखरेचे दाणे घालून ती परत मिळे. रिकामी वाटी परत करू नये, असं उत्तराचं म्हणणं होतं. ती मोठी रीतभात पाळणारी होती.

चाळीत अशी नाती पुष्कळ होती. शेजारचे मधुकर सबनीस छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते; त्यांच्या स्वयंपाकघरात एक साडू राहत होते, पण मधुकररावांचं अजून लग्न झालेलं नव्हतं. खाली तीन नंबरात रुक्मिणीबाईंची भाची कुंदा राहत होती. सगळ्या चाळीला सगळं माहीत होतं आणि म्हणूनच कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. फक्त ही कुंदा आणि रुक्मिणीबाई यांना ते नातं निभावता येत नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नळावर ठरलेलं भांडण होई.

"ए भाचे, भाडं कुठाय माझं?"

"देते गं मावशी! मरायला टेकलीयस का लगेच?"

"मी मरायची वाट बघ, म्हणजे खोली गिळायला मोकळी!"

"गिळते! पाण्याबरोबर गिळते! नळ सोड आधी!"

वरच्या गॅलरीतून रेगे मान हलवत. "संस्कार नाहीत," ते सुगंधाला म्हणत. "आपल्यात असं कधी झालं नाही, ताई."

आणि ते खरं होतं. कधीच झालं नाही.

सुगंधाला भाऊ नव्हता. भाऊबीजेला लहानपणापासून ती चंद्राला ओवाळत आली होती. ज्या बाईला भाऊ नाही तिने संध्याकाळी अंगणात जाऊन बीजेच्या कोरीला निरांजन दाखवायचं, ही रीतच आहे. त्या पहिल्या दिवाळीत रेगे म्हणाले, "भाऊबीजेला मेहताजी फराळाला येणार आहेत. पाट गॅलरीत मांडू या, म्हणजे दिसेल." मेहताजी म्हणजे शेठचे भाडेवसुलीचे कारभारी. चाळीत त्यांना शेठपेक्षा जास्त घाबरत.

पाट गॅलरीत मांडला. भोवती रांगोळी घातली. रेगे टोपी घालून बसले. सुगंधाने त्यांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. भाऊ दाखवण्यापुरता होता, पण कुंकू खरं होतं, आणि कुंकवाला ते कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. रेग्यांनी तबकात रुपया टाकला. मेहताजी कौतुकाने मान डोलवत चकली खात राहिले. पुढच्या महिन्यात तो रुपया रेग्यांनी भाड्यात वाढवून घेतला. नातं वेगळं, व्यवहार वेगळा, असं ते हसत म्हणाले आणि सुगंधालाही हसू आलं.

पहिल्या वर्षी ही भाऊबीज बघून चाळ तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या वर्षी नुसती बघत राहिली. तिसऱ्या वर्षी रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण मध्ये रेग्यांना विषमज्वर झाला होता आणि एकवीस दिवस सुगंधा त्यांच्या उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या बदलत होती. मध्ये उत्तरा बाळंत झाली आणि डिंकाचे लाडू सुगंधाने वळले. रेग्यांनीही थोरल्या मुलीला शाळेत स्वतः नेऊन घातलं, हेडमास्तरांनी "आपण कोण?" म्हणून विचारल्यावर "मामा" म्हणून सांगितलं. तिथे मेहताजी नव्हते. शेठ नव्हते. तरी सांगितलं. ही गोष्ट मुलीने घरी येऊन सांगितली तेव्हा सुगंधा चुलीकडे तोंड करून बराच वेळ फुंकर घालत राहिली. चूल पेटलेलीच होती.

त्या वर्षीचा ओवाळणीचा रुपया रेग्यांनी भाड्यात धरला नाही. सुगंधानेही तो खर्च केला नाही. देवामागे ठेवून दिला.

एकोणसाठ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी रेगे आंब्यांची करंडी घेऊन आले. पाच वर्षांत आंबे आले ते पहिल्यांदाच. करंडी त्यांनी सुगंधाच्या दारात ठेवली, मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, सरकारने नवीन कायदा काढलाय. पोटभाडेकरूंचा."

"कसलो?"

"कसला."

"कसला, दादा?"

"आता पोटभाडेकरू शोधून काढणार आहेत. शेठचे मेहताजी घरोघर विचारत फिरणार. तुला विचारलं तर काय सांगायचं?"

"तुमची बहीण."

"भाडं देतेस का?"

"नाही."

"शाबास. इथे चुकलीस तर सगळ्यांची वाट लागेल."

रेग्यांच्या तोंडून कायद्याबद्दलचं ते वाक्य अर्धंच निघालं होतं, हे सुगंधाला त्या वेळी कळलं नाही. शोधून काढणार आहेत, हे खरं होतं. शोधून काढून पुढे काय करणार आहेत, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मेहताजी आले. संध्याकाळची वेळ, सगळी चाळ गॅलरीत उभी. छत्री काखेत मारून ते सुगंधाच्या दारात थांबले.

"बेन, श्यामकांतभाई तुमचे कोण?"

"माझे भाऊ. मावसभाऊ, पण सख्ख्यापेक्षा सख्खे."

"भाडंबिडं घेतात काय तुमच्याकडून?"

इथे तिने 'नाही' म्हणायचं होतं. तेवढंच ठरलं होतं. पण गॅलरीत सगळे ऐकत होते, शेजारी रेगे टोपी हातात धरून उभे होते, आणि सुगंधाला एकाएकी असा काही उमाळा आला की ती पदर खोचून म्हणाली, "भाऊ कधी बहिणीकडून भाडं घेतो का, मेहताजी? तुमच्यात घेतात?"

चाळ खो खो हसली. मेहताजींनी कानाला हात लावला. "माफ करा बेन, विचारावं लागते," असं पुटपुटत ते पुढच्या दारी गेले. रेग्यांनी चष्मा काढून पुसला. त्या रात्री सुगंधाने दोन आंबे कापून मुलींना दिले आणि एक वहिनींकडे पाठवला. खोली वाचवली होती, आणि तीही स्वतःच्या जिभेच्या जोरावर.

पंधरा दिवसांनी ती नळावर गेली तर कुंदा पेढे वाटत होती.

"कसले गं पेढे?"

"पावती मिळाली!" कुंदाने तिच्या तोंडात पेढा कोंबला. "रुक्मिणीमावशीने दिली, मेहताजींसमोर. रडत रडत दिली, पण दिली."

"पोटभाडेकरूंना काढणार होते ना?"

"कोण म्हणालं? उलटं आहे! आधीपासून जो भाडं देऊन राहतोय, तो आता कायद्याने पक्का. त्याला मावशी काढू शकत नाही की शेठ काढू शकत नाही. झकास काम झालं बघ!"

"आणि मेहताजींनी मानलं? तू तर भाची."

"अगं, कसली भाची! त्यांनी विचारलं, भाडं देतेस याला साक्षीदार कोण? अख्खी चाळ हसायला लागली. पाच वर्षं आमची भांडणं ऐकून यांचे कान किटलेत. मावशी 'भाडं नव्हतं घेत' म्हणायला तोंड उघडते तोच वरून चौघे ओरडले, खोटं बोलू नका!" कुंदा हसता हसता थांबली. सुगंधाकडे नीट बघून म्हणाली, "तुला काय गं फिकीर? तू तर बहीण."

सुगंधाची बादली भरून वाहत होती. कुंदानेच नळ बंद केला.

सुगंधा वर आली ती थेट मधुकर सबनिसांच्या दारात. "भावजी, मी पहिल्या तारखेला वहिनींकडे भाडं न्यायची. तुम्ही बघितलंय. तेवढं मेहताजींना सांगा."

मधुकरराव भला माणूस. ते खूप वेळ आठवत राहिले. "भाडं नाही हो बघितलं," ते शेवटी म्हणाले. "वाटी बघितली."

"त्या वाटीतच होतं!"

"वाटीत शिरा असायचा, सुगंधाताई. आमच्याकडे वास यायचा. वेलदोड्याचा." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे त्यांचे साडू तोंडात घास तसाच ठेवून ऐकत बसले होते. मधुकररावांनी आवाज आणखी हळू केला. "आणि तुम्ही मेहताजींना जे काय ठणकावलंत ना, ते मी तर जन्मात विसरणार नाही. असं भावा-बहिणीचं प्रेम आजकाल बघायला मिळत नाही."

आणखी चार दारं झाली. चौथ्या दारात तिला कळलं की या चाळीत ती पोटभाडेकरू आहे हे जेवढ्यांना माहीत होतं, तेवढ्या सगळ्यांच्या घरी एकेक साडू होता.

संध्याकाळी रेगे आले. हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून बसले. सुगंधा समोर उभी राहिली.

"दादा, मला पावती हवी."

"कसली?"

"भाड्याची."

रेगे दुखावले. खरोखर दुखावले, त्यांचा चेहरा उतरला. "भावा-बहिणीत पावती, ताई?"

"पाच वर्षं भाडं दिलंय मी."

"तू वहिनीला शिरा दिलास," रेगे म्हणाले. "आणि मेहताजींना तू काय सांगितलंस ते सगळ्या चाळीने ऐकलं. मी तर नुसता उभा होतो."

"तुम्हीच शिकवलंत ते."

"मी 'नाही' म्हणायला शिकवलं होतं. पुढचं तुझ्या मनातलं होतं. मला भरून आलं, शपथेवर सांगतो."

ते सुगंधाच्या मनातलंच होतं.

"मग आता?" तिने विचारलं.

"आता काय? तू बहीण आहेस आणि बहीणच राहशील. फक्त..." रेगे पाळण्यातल्या धाकट्या मुलाला झोका देऊ लागले. तोच पाळणा; मागच्या खोलीतला, आता दुरुस्त केलेला. "फक्त बहिणीने माहेरी किती दिवस राहायचं यालाही काही मर्यादा असते ना? लोक बोलतात. दशरथरावांना घरजावई म्हणतात. मला ते ऐकवत नाही."

"दादा, दोन पोरी घेऊन मी कुठे जाऊ?"

त्यांनी झोका थांबवला. "माझा तुझ्यावर पूर्ण भरवसा आहे गं. कायद्यावर नाही."

दशरथाने हे सगळं ऐकलं आणि तो भिंतीला टेकून बसला. "रेग्याच्या हातात माझी हजेरी आसा," तो म्हणाला. "हयसून निघालव तर खोली जायत. भांडलव तर नोकरी पण जायत."

"म्हणजे गप रवायचा?"

"माका दुसरा काय सुचता तर सांग."

सुगंधाने उठून दाराची कडी लावली. या गोष्टीला कडीचा काही उपयोग नव्हता, पण लावली.

रेग्यांनी पुढचा रविवार ठरवला. शेठच्या चाळीत आजवर पुष्कळ बिऱ्हाडं हलली होती; कुणी रात्रीतून, कुणी बेलिफाबरोबर. असं बिऱ्हाड कुणाचंच हललं नव्हतं. रेग्यांनी स्वतः हातगाडी ठरवली. उत्तराने पाट मांडला, सुगंधाला हिरवं लुगडं दिलं, खण दिला, नारळ दिला, गव्हाने ओटी भरली. मुलींना परकराचं कापड दिलं. गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. खाली मेहताजीसुद्धा छत्री टेकून थांबले होते. बहुधा त्यांना मुद्दाम बोलावलं असावं.

"अशी बोळवण हल्ली कोण करतं?" मधुकरराव भारावून म्हणाले.

बोळवण हा शब्द सुगंधाच्या कानावर पडला. गावाला लग्न झालेल्या मुली माहेराहून निघत तेव्हा तो शब्द ती ऐकत आली होती; ओटी, लुगडं, वेशीपर्यंत सोडायला आलेला भाऊ. तिच्या वाट्याला तो कधी आला नव्हता. आणि मागायला आलेल्या माणसाला चार गोड शब्द सांगून दारातून परत लावतात, त्यालाही बोळवणच म्हणतात. तिच्या ओटीत गहू होते, नारळ होता, आणि दोन्ही अर्थ एकदम होते.

थोरली मुलगी रेग्यांचा हात धरून विचारत होती, "मामा, परत कधी यायचं?"

"दिवाळीला," रेगे म्हणाले.

तेव्हा सुगंधा वळली. पाच वर्षांत जे बोलणं तिने घशाखाली दाबून ठेवलं होतं ते एकदम वर आलं, अख्ख्या चाळीच्या देखत, उंच स्वरात:

"मेल्या, कसलो मामा? कोणाचो भाव? मी तुझी भईण न्हय, भाडेकरू आसंय तुझी! पाच वर्सां वाटयेत घालून भाडा दिलंय तुका! तुझ्या तापात उशाक बसलंय, तेचा भाडा कोणी दिला माका? ह्या लुगडा देऊन माका फसवतंस? खोली दी माझी! माझी खोली दी!"

तिने नारळ काढून गॅलरीत आपटला. तो फुटला नाही; घरंगळत जिन्यावरून एकेक पायरी उतरत मेहताजींच्या पायाशी जाऊन थांबला.

हे असं भांडण दर पहिल्या तारखेला झालं असतं तर आज सुगंधाच्या हातात पावती असती. पण तिने आयुष्यात एकदाच भांडायचं ठरवलं, आणि तेही ओटी भरून झाल्यावर.

सुस्कारा पहिल्यांदा रुक्मिणीबाईंनी टाकला. "गावाकडच्या जमिनीचं असणार काहीतरी," त्या म्हणाल्या.

"सख्खी असल्याशिवाय इतकं भांडत नाहीत हो," मधुकररावांनी दुजोरा दिला.

खाली मेहताजींनी नारळ उचलून धोतराला पुसला आणि मान हलवली. त्यांना दोन बहिणी होत्या.

रेगे खाली मान घालून उभे होते. उत्तरा पुढे होऊ लागली तशी त्यांनी तिला हाताने थांबवलं. "बोलू दे तिला," ते हळूच म्हणाले. "माहेराहून निघताना होतंच असं."

कुंदा तेवढी खाली जाऊन हातगाडीवरची ट्रंक दोरीने घट्ट बांधत राहिली.

महिन्याभराने कुंदा जोगेश्वरीला सुगंधाच्या नव्या बिऱ्हाडी येऊन सांगून गेली की त्या खोलीत आता नंदकुमार नावाचा एक शिंपी राहतो. तो रेग्यांचा आतेभाऊ आहे. कायद्याची तारीख उलटून गेल्यामुळे नव्या पोटभाडेकरूला कायद्याचा आधार नव्हता, त्यामुळे रेग्यांनी त्याला निर्धास्तपणे ठेवून घेतलं होतं. पगडीही घेतली होती. पावती अर्थात दिली नव्हती.

जोगेश्वरीला धाकू घाडी नावाच्या मालवणकडच्याच म्हाताऱ्याची तीन खोपटी होती. गिरणीतून निवृत्त झालेला, भिडस्त, कानाने थोडा कमी. जमीन दुसऱ्याची, खोपटी याची. मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. कडी नव्हती, खिळ्याला सुतळी होती.

"भाडा काय जमात ता द्या," धाकू म्हणाला. "फक्त जमीनवाल्याचो माणूस इलो आणि इचारल्यान तर सांगा, धाकूची भाची म्हणान."

"नाय," सुगंधा म्हणाली.

"आं?"

ती त्याच्या कानाशी गेली. "भाची नाय! भाडेकरू! दर म्हयन्याच्या पयल्या तारखेक तुमी माझ्याशी भांडूचा! हय अंगणात! मोठ्यान!"

धाकू घाबरला. "कित्याक गो बाय? मी कोणाशी कधी भांडूक नाय."

"शिकवीन मी."

आणि तिने शिकवलं. पहिल्या महिन्यात धाकू अंगणात उभा राहून "भाडा दितंस काय, की नको?" एवढंच कसंबसं म्हणाला आणि आत जाऊन पाणी प्याला. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याला बऱ्यापैकी शिव्या येऊ लागल्या. शेजारी जमू लागले. सुगंधा भाडं उघड्या हातावर, नोटा पसरून, मोजून देई आणि प्रत्येक नोट ओरडून सांगे. पहिल्याच भाड्यात तिने देवामागचा रुपया देऊन टाकला होता.

त्या वर्षी पहिल्या तारखेलाच पाडवा आला. धाकू सकाळी येऊन हात जोडून म्हणाला, "आज सणाचा कसा भांडूचा? उद्या भांडया." ती हो म्हणाली. उद्या भाऊबीज होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारणी जमल्या, धाकू घसा खाकरून अंगणात आला आणि दोघांचं भांडण रीतसर पार पडलं. सुगंधा आत आली. खोपटात पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी होती. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता. हे सगळं कधी मांडलं, तिला आठवेना. सकाळी सारवताना हात आपोआप चालले असावेत. थोरली मुलगी पाटाकडे बघत होती. दारात दशरथ उभा होता. त्याने रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

सुगंधाने पाट उचलून भिंतीला टेकवला. रांगोळी पायाने विस्कटली. निरांजन लावलं आणि तबक घेऊन ती अंगणात गेली.

लेण्यांच्या टेकाडावर बीजेची कोर दिसत होती. पाच वर्षांत चंद्राला ओवाळायची सवय गेली होती. मग तिने तबक उंच धरलं.

"भाडा दिलंस ना गो?" पलीकडून धाकूने ओरडून विचारलं. भांडण संपल्याचं त्याला ऐकू आलं नसावं.

"दिलंय!" ती त्याहून मोठ्याने ओरडली, आणि ओवाळू लागली.